लाल गोल

अमेरिकेतल्या पहिल्या वसाहतींचं साहित्य शिकवताना मॅडमनी गृहपाठ दिला होता, त्या काळी डांबून ठेवलेल्या एखाद्या बाईची रोजनिशी लिहा. तीन आठवडे आजारी असलेल्या मुलीची वही तिच्या भावाने आणून दिली. "दाराला बाहेरून कडी असते. मोबाईल काढून घेतलाय." मॅडमना हसूच फुटलं, पोरगी काळच विसरली! त्यांनी 'मोबाईल'भोवती ठसठशीत लाल गोल काढून दोन गुण कापले. पुढची ओळ मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. "मॅडम, मी आजारी नाही."



दारात भाऊ उभा होता. "द्या वही. अख्खी कोण वाचत बसतंय? लाल खुणा तेवढ्या बघतो. तिच्या चुका घरी मीच सुधारतो."