बागेचा राखणदार

निजामी अमलात बीडच्या सरकारी बागेतली फुलं लोक पहाटेच पूजेसाठी पळवायचे. "फुलं झाडावरच शोभतात. भुंग्यांनाही हवीत, फिरायला येणाऱ्यांनाही. उद्या एक जरी तुटलं, तर तू बरखास्त," तहसीलदार सुंदररावांनी त्रिंबक माळ्याला बजावलं.

त्रिंबकनं बागेत मधोमध एक धोंडा मांडला अन् त्याला शेंदूर फासला. "आता देवाच्या बागंतली फुलं घरी न्यायला कोन धजतंय, ते बगू," तो बायकोला म्हणाला.

खरंच, दुसऱ्या दिवशी एकही फूल बागेबाहेर गेलं नाही. सगळी धोंड्यापुढं ढिगानं वाहिलेली होती, अन् तिथंच तहसीलदार जोडे काढून उभे होते. त्रिंबकची पाचावर धारण बसली.



"काय रे, झाडावर एकही फूल ठेवलं नाहीस? आता मी देवाला काय वाहू?"