बिनवासाचा माल

लष्करासाठी बनणाऱ्या कणकेसारख्या स्फोटकात कारखाना मुद्दाम वास मिसळायचा, म्हणजे माल चोरीला गेलाच तर कुत्र्यांना सापडावा. वास आला की बसायचं, हे शिकलेली कारखान्यातली कुत्री आज नव्या मालाच्या चाळीस पेट्यांपुढून शेपूट हलवत निघून गेली. "हिला सर्दी झाली असेल, बाई. ट्रक खोळंबलाय, करा सही," साहेब म्हणाले. तपासनीस बाईंनी कालच्या मालाची वडी कपाटामागे लपवली. कुत्री तडक तिथे जाऊन बसली. "सर्दी नाही, साहेब. वास घालायचाच राहिलाय." "नोकरीवर पाणी सोडायचंय का?" बाईंची धाकटी बहीण विमानतळावर सामान तपासायची, अशाच कुत्र्याच्या भरवशावर. "सोडलं," म्हणत त्यांनी पहिल्या पेटीवर 'नापास'चा शिक्का मारला, घाईत तिरकाच. मग दुसरीवर. दहाव्या पेटीला साहेब हळूच म्हणाले, "शिक्का सरळ मारा, वाचता आला पाहिजे," आणि ट्रक परत पाठवायला निघाले.