कंपनीचं नाक

अत्तराच्या कारखान्याचं फाटक ओलांडताच हेमांगीच्या नाकातली चकती जागी झाली. वाळ्याचा गारवा, ओल्या गोण्या, रखवालदाराची तपकीर असे सगळे वास एकदम आले. वास पारखण्यासाठी कंपनीनेच ती चकती बसवली होती. राजीनामा दिल्यापासून मात्र फाटकाबाहेर हेमांगीला कशाचाच वास येत नसे. कार्यमुक्तीचं पत्र मिळेपर्यंत नाक कंपनीच्या ताब्यात, असा नियम होता. राजीनाम्यानंतर जन्मलेल्या लेकीचा वास तिला घरी कधीच आला नव्हता.

लेकीला मांडीवर घेऊन समोर बसलेल्या हेमांगीला व्यवस्थापक गद्रेंनी नेहमीचंच सांगितलं, "साहेबांची सही राहिलीय. त्यापेक्षा परत रुजू व्हा ना! हिला इथल्या पाळणाघरात ठेवा."

"परत नाही यायचं, गद्रेसाहेब."

मांडीवरच्या लेकीच्या टाळूवर नाक टेकून हेमांगीने डोळे मिटले. दूध, वेखंडाची धुरी आणि नाव नसलेलं काहीतरी उबदार.

"बाहेर गेलं की हे जातं हो," ती म्हणाली. "थोडा वेळ इथेच बसू द्याल?"

गद्रेंनी टेबलाचा खण उघडला. मग पेन शोधत म्हणाले, "सही मलाही करता येते. साहेबांना काय सांगायचं ते मी बघतो."

पत्र घेऊन फाटकाबाहेर पडताना हेमांगीने भीतीने श्वास रोखून धरला होता. शेवटी तो घ्यावाच लागला. नाकात पहिला शिरला तो लेकीच्या नुकत्याच भरलेल्या लंगोटाचा दर्प, आणि हेमांगी भर रस्त्यात हसत सुटली.