घामातनं काढलेलं वजन

स्वाइन फ्लूच्या साली जिल्ह्याच्या शालेय कुस्तीत ताप मोजल्याशिवाय कुणालाच गादीवर सोडत नव्हते. केरबा वस्तादांची काळजी मात्र वेगळीच होती. त्यांची संघप्रिया शेहेचाळीस किलोच्या गटाला अर्धा किलो जड भरत होती. त्यांनी तिला दोन स्वेटर घालून तासभर मैदानावर पळवलं. वजन बरोबर भरलं, पण पुढच्या टेबलावर थर्मामीटरनं ताप एकशे एक दाखवला.

“घरी न्या हिला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“ताप न्हाय ओ मॅडम, वजन हाय त्ये! घामातनं काढलंय.”

बाईंनी तिला सावलीत बसवून दोन तांबे पाणी पाजलं. ताप उतरला आणि फेरवजनात काटा पुन्हा वर गेला. वस्तादांनी कपाळाला हात लावला आणि तिचं नाव पन्नास किलोत घातलं. तिथल्या दांडग्या पोरी तिला उचलून आपटणार, हे ठरलेलंच होतं.

पन्नासची नावं पुकारली, तेव्हा गादीवर संघप्रिया एकटीच आली. बाकीच्या पाचही जणी स्वेटर घालून तापाच्या बाकड्यावर बसल्या होत्या.

पंचांनी तिचा हात वर केला. केरबा वस्ताद बाकीच्या वस्तादांकडं वळून मोठ्यानं म्हणाले, “लाज वाटत न्हाय व्हय रं तुमास्नी? लहान पोरींला असं पळवत्यात काय?”