बिनभोकाची चवळी

"एकही भोक नाही?" इन्ना देलूने ओंजळभर चवळी डोळ्यांजवळ नेली, हुंगली आणि परत पोत्यात टाकली. "दिजे, काय फवारलंयस हिच्यावर?"

दिजेने पोत्याचं तोंड आणखी उघडून दाखवलं. इन्ना कोसाई तळायची. तिच्या हातचे ते चवळीचे वडे खाल्ल्याशिवाय कानोकडच्या या बाजाराचा दिवस उजाडत नसे, आणि ती ज्या पोत्याला नाक मुरडी त्याच्याकडे दुसरं कुणी वळूनही बघत नसे.

"काही नाही हो, इन्ना. जातच तशी आहे. कीड लागत नाही तिला."

"म्हणजे किड्यालाही नकोशी चवळी मी माणसांना खाऊ घालू?"

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. गेले कित्येक बाजार हेच चाललं होतं. हे नवं बियाणं आणलं दिजेच्या नवऱ्याने, तांकोने. 'हिला चावायला गेला तर किड्याचे दात पडतील,' असं तो गावभर सांगत सुटला होता. कीड लागली नाही, हे खरं. पण या बाजारात दाण्याला भोकं असली तरच चवळी बिनविषारी. भोक नाही म्हणजे औषध मारलंय. लोक आता दिजेला मागून 'विषवाली' म्हणत, आणि घरी पोरं सकाळ-संध्याकाळ चवळी गिळून रडकुंडीला आलेली. तांको तर काल सुई घेऊन दाण्यांना भोकं पाडत बसला होता. शेवटी बोटालाच पाडून घेतलं बिचाऱ्याने.

शेजारी लामीचं पोतं होतं. चवळीची नुसती चाळणी झालेली, आणि पुढे गिऱ्हाइकांची झुंबड.

"थोडी कीड लागू दे गं," लामी ओरडली, "म्हणजे खपेल!"

दिजेचं डोकं फिरलं. "मग दे की मूठभर किडे उसने! माझ्या पोत्यात सोडते. मेले, तर या बाजारात पुन्हा पाय ठेवणार नाही. इन्ना, तुम्हीच बघा."

लामीचं हसू मावळलं. "किडे का कुणी उसने देतं?"

"दे की गं, तुला काय तोटा?" म्हणत इन्नाने स्वतःच लामीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळची चवळी सुपात पसरली. किडे भरपूर निघाले. सगळे उताणे, पाय वर केलेले. इन्नाने फुंकर घातली. बोटाने ढोसून पाहिलं. एकही हलेना.

"उन्हाने झोपलेत," लामी पुटपुटली.

"भोकं आधीची, औषध नंतरचं," इन्ना म्हणाली. तिने सूप लामीच्या पुढ्यात उपडं केलं, आपलं टोपलं ओढत नेलं आणि दिजेच्या पोत्यापाशी फतकल मारली.

"भर गं, दिजे. माझी गिऱ्हाइकं अशी झोपलेली नकोत मला."