कठड्याची उंची

निळी पेन्सिल पेट्रोल पंपाच्या खुणेवर टेकली आणि बाण डावीकडे निघाला. बाबांच्या विहिरीकडे.

तिनं आकडे पुन्हा तपासले. पंपाची जमिनीखालची टाकी गळतेय. गळलेलं पेट्रोल भूजलाबरोबर कुणाच्या घरी जाणार, हे तिच्या चित्रावरून ठरणार होतं. पंपाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला एकेक विहीर. दोन्हींतलं पाणी एका पातळीवर. पश्चिमेला बाबांची. तिथलं मात्र चाळीस सेंटिमीटर खाली. पाणी खालच्या पातळीकडे जातं. उद्या चित्र साहेबांच्या टेबलावर गेलं, की बाबांच्या विहिरीवर झाकण.

माती.

इथवर सगळ्यांनाच दिसतं.

मुरूम.

इथून पुढे डोळे मिटावे लागतात. पंख्याची घरघर, शिपायाच्या चपला, साहेबांचा खोकला वर राहतो. ती कणाकणांमधून झिरपत खाली उतरते.

भेगांचा खडक.

इथे पाणी चालतं. दिवसाला हातभर. वर कुणाचं अंगण आहे, त्याला ठाऊक नाही. तीही त्याच्याबरोबर चालते, भेगेतून भेगेत, आणि एकदम समोर गोल उजेड. विहीर. वर काठाशी एक मुलगी पालथी पडून खाली बघतेय. काठ कसला, जमिनीला लागलेला दगड नुसता. मागून बाबा ओरडतायत, "अगं मागे हो! डोकं जड आहे तुझं, जाशील सरळ खाली!"

फोन वाजला.

"झाकण बसवणार म्हणे," बाबा म्हणाले.

तिच्या लग्नावरून बाबांशी भांडण झालं त्याला सहा वर्षं झाली. घर वीस मिनिटांवर, पण ती त्या अंगणात गेली नव्हती. बाकीच्या विहिरी तिनं स्वतः मोजल्या. ही एकच नाही. काठापासून पाणी किती खोल, एवढं मेसेज करून विचारलं. बाबांनी नुसता आकडा पाठवला.

"चाळीस वर्षं पितोय ते पाणी. आता तू सांगणार, पिऊ नका?"

"मी नाही, आकडे सांगतायत."

"आकडा मीच दिलाय. गवंड्याचं माप आहे, सूतभर चुकायचं नाही."

"मोजलंत कुठून?"

"कुठून म्हणजे? कठड्यावरून. हवेतून मोजू?"

पेन्सिल कागदावरून उचलली गेली.

"कठडा कुठला, बाबा? आपली विहीर जमिनीला लागून आहे."

"होती."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

"तुझी पोर चालायला लागली, असं कानावर आलं. तेव्हा घातला बांधून. म्हटलं, आईवर गेली असेल तर ही पण पालथी पडून बघणार."

"किती उंच?"

"नव्वद सेंटिमीटर."

नव्वद. बाबांनी कठड्यापासून मोजलं होतं, तिनं जमिनीपासून धरलं होतं. म्हणजे बाबांच्या विहिरीतलं पाणी चाळीसनं खाली नव्हतंच. पन्नासनं वर होतं.

तिनं खोडरबर घेतलं. बाण पुसला, पंपापासून पुन्हा काढला. आता तो उलट्या दिशेला चालला. पूर्वेला, पिठाच्या गिरणीखालून, दवाखान्याखालून, ती राहते त्या गल्लीत. बोअरच्या पंपाशी. सकाळी याच पाण्यानं तिनं पोरीची बाटली भरून दिली होती. दिवसाला हातभर. अजून वाटेत असेल. असू दे.

"बाबा, तुमचं पाणी चांगलं आहे." तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "पेट्रोल माझ्या घराकडे येतंय."



"मग पोरीला घेऊन इकडे ये."

"येते."

"आजच ये. कठडा तिच्या गळ्याशी यायला हवा, आणि मी नुसत्या अंदाजानं बांधलाय. तिची उंची मला कुणी सांगितली होती?"