मास्क आणि दाढी

हेंद्रेपाड्यात घरामागच्या शेडमध्ये हितेश गाड्यांना स्प्रेने रंग मारायचा, तोंडाला रुमाल बांधून. खोकला हटेना, म्हणून बायकोने, जिज्ञासाने, भांडून दोन फिल्टरवाला मास्क आणला. चौथ्याच दिवशी मास्क खुंटीवर, तोंडावर पुन्हा रुमाल! “त्यातूनपण थिनरचा वास येतो. फालतू माल आहे.” “माल चांगलाय. तुमच्या दाढीमुळे तो चेहऱ्याला चिकटून बसत नाही. किती वेळा सांगू?” “लग्नाआधीपासूनची दाढी आहे, काढणार नाही.” वैतागून जिज्ञासा स्टूल घेऊन कंप्रेसरशेजारी बसली. “मारा आता स्प्रे.” “वेडी झालीस? बाहेर जा, छातीत जाईल!” “माझ्या छातीत जाईल ते बरं कळतं!” त्याने गन आपटली, कंप्रेसर बंद केला आणि तरातरा निघून गेला. तासाभराने गुळगुळीत गालांनी परतला. ओटीवर आई लसूण सोलत होती. “कोन पायजे?” तिने विचारलं. “हितेश नाय घरान, रुसलाय.”